किंकी फ्रीडमनचा 'बोलणारा' बाहुला (टेक्सास, २००६), सेकंडहँड घेतलाय, वाचा मग ठरवा

रेटिंग आधीच देऊन टाकतो, घाईतल्यांची सोय. शोकेसमध्ये ठेवायची वस्तू म्हणून तीन स्टार, 'बोलणारा बाहुला' म्हणून एक, आणि निवडणुकीची आठवण म्हणून साडेचार. सेलरला दोन, तेही फक्त पॅकिंग झकास होतं म्हणून.

तर वस्तू कुठली. २००६ साली टेक्सास राज्यात गव्हर्नरची निवडणूक झाली, त्यात किंकी फ्रीडमन नावाचा एक अवली अपक्ष उभा होता, आणि त्याच्या प्रचारात जे काही विकायला ठेवलं होतं, टीशर्ट, गाडीला चिकटवायचे स्टिकर वगैरे, त्यात त्याचा स्वतःचा एक बाहुलाही होता, बटण दाबलं की बोलणारा. अ‍ॅक्शन फिगर म्हणतात तसला. हो, उमेदवाराचा बाहुला, आणि विकतोय कोण तर उमेदवारच. आणि गव्हर्नर म्हणजे राजभवनात राहणारे आपले राज्यपाल नव्हेत हां, तिकडे तो लोकांच्या मतांवर निवडून येतो, चार वर्षांसाठी, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच धरा.

मला प्रचाराचं सामान गोळा करायचा नाद शाळेपासूनचा. पंजा, कमळ, धनुष्यबाण, घड्याळ, सगळे बिल्ले एकाच डब्यात सुखाने नांदायचे, बाहेर त्यांचं काही का चालू असेना. पण आपल्याकडे हे सगळं फुकट मिळतं. टोपी फुकट, गमछा फुकट, झेंडा फुकट, वर वडापाव. त्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायला निवडणूक आयोग रेटकार्ड काढतो, एक टोपी एवढ्याची, एक चहा एवढ्याचा, आणि तरी हिशोब कसे बसवतात ते आपण सगळे जाणतो. अमेरिकेत उलटं. तिथे कार्यकर्ता खिशातून पैसे काढून टीशर्ट विकत घेतो आणि वर खूश होतो की मी देणगी दिली. इथे ऑस्टिनजवळ राहायला आल्यापासून मला या प्रकाराची गंमत वाटत आलीय, आणि किंकीच्या सामानाबद्दल ऐकलं तेव्हापासून हा बाहुला हवाच होता. शेवटी ऑनलाइन सापडला, चाळीस डॉलर अधिक पोस्टेज, खाली लिहिलेलं 'टेस्टेड, वर्किंग'. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

आधी माणूस कोण ते सांगतो, नाहीतर बाहुल्याला अर्थ नाही. खरं नाव रिचर्ड फ्रीडमन, जन्म १९४४, शिकागोचा, वाढला टेक्सासात. किंकी हे कॉलेजात पडलेलं नाव, कुरळ्या केसांवरून. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीतून सायकॉलॉजी केली, मग पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारच्या योजनेत, बोर्निओला जाऊन आला, आणि सत्तरच्या दशकात कंट्री म्युझिकचा बँड काढला, त्याचं नाव काय तर 'टेक्सास ज्यूबॉइज'. म्हणजे स्वतः ज्यू असून ज्यूंना चिडवायला वापरतात तसलंच नाव. गाणी अशी की अर्धे लोक हसायचे आणि अर्धे उठून जायचे. १९७६ मध्ये बॉब डिलनच्या टूरवर गेलेला. बँड बंद पडल्यावर रहस्यकथा लिहायला लागला आणि त्यात डिटेक्टिव्ह कोण तर किंकी फ्रीडमन नावाचा माजी गायक. मग टेक्सासच्या एका मोठ्या मासिकात सदर. शिवाय बेवारस कुत्र्यामांजरांसाठी एक आश्रम काढण्यात हात. निवडणुकीचा अनुभव एवढाच की १९८६ ला केरव्हिलमध्ये जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक पदासाठी उभा राहून पडला होता, तेव्हा रिपब्लिकन म्हणून. आणि हा माणूस फेब्रुवारी २००५ मध्ये सॅन अँटोनिओला जाऊन अलामोसमोर उभा राहून सांगतो की मी गव्हर्नर होणार. अलामो म्हणजे टेक्सासवाल्यांचं पवित्र ठिकाण, १८३६ ला तिथे लढताना त्यांची माणसं शेवटच्यापर्यंत मारली गेली. प्रचाराचा नारळ फोडायला जागा चोख निवडलीय एवढं मान्य करा.

आता बाहुला. उंची वीतभराहून बरीच जास्त, पुस्तकांच्या फळीत उभा राहत नाही, वरची फळी काढावी लागली. काळी काउबॉय हॅट, काळे कपडे, मिशी. चेहऱ्याचं काम अपेक्षेपेक्षा चांगलं आहे, म्हणजे असल्या बाहुल्यांचे चेहरे कोणाचेही वाटू शकतात, हॅट काढली तर हा आमच्या सोसायटीचा जुना सेक्रेटरी म्हणून खपेल, पण हॅटसकट किंकीच. डोळ्यांखालच्या सुरकुत्या रंगवल्यात, त्या ब्रशने नीट ओढलेल्या दिसतात, नुसता छाप मारलेला नाही. हॅटच्या आत मात्र डिंकाचा पिवळा डाग आहे, कोणीतरी मधल्या काळात चिकटवलेली असणार, त्यामुळे ती आता थोडी डावीकडे कलते. मला आवडतं ते. कपड्यांची शिलाई साधारण, जॅकेटच्या एका बाजूचा धागा निघालाय, ओढला तर सगळंच उसवेल म्हणून हात लावलेला नाही. सांधे ढिले झालेत, उजवा हात वर केला की हळूहळू खाली येतो, त्यामुळे फोटो काढायचा तर पटकन काढावा लागतो.

सिगार नाही. सेलरच्या फोटोतही नव्हता त्यामुळे त्याला दोष देत नाही, पण सिगारशिवाय किंकी म्हणजे विठोबाच्या मूर्तीचे हात कमरेवर नसल्यासारखं वाटतं. हा माणूस जिथे सिगार ओढायला बंदी तिथे न पेटवता तोंडात धरून बसायचा. २००५ ला ऑस्टिन शहरात लोकांनी मतदान करून बार आणि रेस्टॉरंटमध्ये सिगारेटबंदी आणली, त्याच्या प्रचाराचं ऑफिस त्याच शहरात, आणि हा बाबा असल्या बंदीच्या विरोधात जाहीर बोंब मारणारा. मी सध्या दालचिनीचा बारीक तुकडा लावलाय. चालतंय.

आता मुख्य मुद्दा, बोलणं. बटण दाबलं, काही नाही. सेल संपले असतील म्हणून मागचा स्क्रू उघडला तर आत जुन्या सेलचा पांढरा क्षार जमलेला. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून घासलं, सुकवलं, नवीन सेल टाकले. तरी काही नाही. मग एका मित्राने सांगितलं पत्रा वाकवून बघ, वाकवला, आणि आवाज आला, पण कसला, नुसती खरखर, मध्येच एखादा स्वर, मला त्यात 'टेक्सास' ऐकू आल्यासारखं वाटतं, बायको म्हणते टेक्सास नाही, सेल संपत आलेत. म्हणजे 'टेस्टेड, वर्किंग' यातलं एकही खरं नाही. घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, या बाहुल्याला आता वीस वर्षं होत आली, सेल आत ठेवून कपाटात पडलेले असतील तर आतलं सर्किट गेलेलंच समजा.

पण खरं सांगू, बाहुला बोलत नाही त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही, कारण किंकीची वाक्यं इथल्या लोकांना अजून पाठ आहेत. आमच्या शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ राहतात, मी बाहुला दाखवायला घेऊन गेलो तर म्हणाले, "अरे याला तर मी सही दिली होती." मत दिलं का विचारलं तर नुसते हसले. म्हणाले, "सही दिली रे." हा फरक लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

बाहुल्याबरोबर सेलरने एक स्टिकर फुकट टाकला होता, गाडीच्या बंपरवर लावायचा. त्यावर 'हाउ हार्ड कुड इट बी', म्हणजे गव्हर्नर होणं असं काय मोठं अवघड आहे. हीच त्याची मेन लाइन. दुसरी 'व्हाय द हेल नॉट', का नाही च्यायला. तिसरी 'माय गव्हर्नर इज अ ज्यूइश काउबॉय'. स्टिकरचा दर्जा एक नंबर, मागचा कागद अजून सुटतो, रंग उडालेला नाही, आणि अक्षर एवढं मोठं की मागच्या गाडीतला माणूस सिग्नलला वाचू शकतो. आपल्याकडच्या बॅनरवर तीस चेहरे आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून सत्तर नावं बघून डोळे शिणलेल्यांनी हे बघावं. पाच शब्द. संपलं. या स्टिकरला माझ्याकडून पाच स्टार, बाहुल्यापेक्षा हाच जास्त आवडला.

आणि तो बोलायचा काय काय. म्युझिशियन लोक राजकारण्यांपेक्षा राज्य बरं चालवतील, सकाळी फारसं काम होणार नाही पण रात्री उशिरापर्यंत करू आणि प्रामाणिक राहू. समलिंगी लग्नाबद्दल विचारलं तर, करू द्या की, बाकीच्यांसारखं दुःखी व्हायचा त्यांनाही हक्क आहे. आता यात जोक आहे, पण हे कुठे आणि कधी बोलतोय ते बघा. नोव्हेंबर २००५ मध्ये टेक्सासने राज्यघटनेतच अशा लग्नांना बंदी घातली होती आणि त्या बंदीच्या बाजूने ७६ टक्के मतं पडली होती. त्या राज्यात मतं मागताना हे बोलायला छाती लागते, जोक करून बोललं तरी. मृत्युदंडाबद्दल तेच, देशात सगळ्यात जास्त मृत्युदंड देणारं राज्य, आणि हा म्हणतो चुकीच्या माणसाला मारलं तर काय. शाळांसाठी पैसा कुठून आणणार तर कॅसिनो कायदेशीर करून, त्याला नाव दिलं 'स्लॉट्स फॉर टॉट्स', जुगाराच्या मशिनी पोरांसाठी. शिक्षकांचा पगार वाढवा, पोरांच्या डोक्यावरच्या त्या सरकारी परीक्षा बंद करा. गायक विली नेल्सन त्याचा दोस्त, तो तेव्हा बायोडिझेल विकायचा, तर ऊर्जेचं खातं विलीकडे. मेक्सिको सीमेसाठी पाच मेक्सिकन जनरल नेमायचे, प्रत्येकाच्या नावाने बँकेत पैसे ठेवायचे आणि त्याच्या हद्दीतून चोरून माणूस आला की पैसे कापायचे. ही शेवटची आयडिया ऐकायला मस्त, पण कोणी सिरियसली दोन मिनिटं विचार केला की हवा जाते, आणि त्याचा बराचसा जाहीरनामा असाच होता, पहिल्यांदा ऐकायला मजा.

पण सगळं हसण्यावारी नेणाऱ्यांनी हे वाचा, कारण इथे मला या बाहुल्याबद्दल आदर वाटायला लागतो. आपल्याकडे विधानसभेला अपक्ष उभं राहायचं तर दहा सूचक आणि दहा हजार रुपये अनामत, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. झालं. टेक्सासमध्ये अपक्षाला आधीच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या एक टक्का सह्या लागतात, २००६ साठी तो आकडा होता ४५,५४०. बरं नुसत्या सह्या नाहीत. सही करणारा नोंदणीकृत मतदार पाहिजे आणि त्याने त्या वर्षी कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत दिलेलं नसलं पाहिजे. प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट कोणाला ते ठरवायचं मतदान, आपल्याकडे हे काम हायकमांड करतं. प्रायमरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ती झाल्याशिवाय सह्या गोळा करायला सुरुवात करायची नाही, आणि कागद जमा करायची मुदत ११ मे. दोन महिने आणि वर थोडे दिवस. म्हणून यांनी आधीपासून मोहीम चालवली की बाबांनो प्रायमरीत मत देऊ नका, घोषणा काय तर 'सेव्ह युवरसेल्फ फॉर किंकी', स्वतःला किंकीसाठी राखून ठेवा. एखाद्या जुन्या हिंदी सिनेमातली नायिका बोलेल असलं वाक्य, पण कायद्याच्या कलमावर याहून नेमकी घोषणा मी तरी बघितलेली नाही.

आणि सह्या किती आणल्या? जवळपास एक लाख सत्तर हजार, त्यातल्या १,३७,१५४ तपासणीत खऱ्या निघाल्या. लागणार होत्या त्याच्या तिप्पट. त्याच्याबरोबर त्याच वर्षी आणखी एक अपक्ष, कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न, त्याही सह्या आणून उभ्या राहिल्या, त्या राज्याच्या कंट्रोलर म्हणजे तिजोरी सांभाळणाऱ्या, मूळच्या रिपब्लिकन. टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या मतपत्रिकेवर अपक्षाचं नाव याआधी आलं होतं १८५९ साली, सॅम ह्यूस्टनचं, ज्याच्या नावाने ते ह्यूस्टन शहर आहे. आणि तो निवडूनही आला होता. म्हणजे १८५९ नंतर थेट हे दोघं.

या स्ट्रेहॉर्नबाईंचा किस्सा सांगायलाच पाहिजे. त्यांची ओळख 'वन टफ ग्रँडमा', खमकी आज्जी. त्यांनी अर्ज केला की मतपत्रिकेवर माझ्या नावात 'ग्रँडमा' छापा. राज्याने नाही म्हणून सांगितलं, ते टोपणनाव नाही, प्रचाराची घोषणा आहे. आणि त्याच मतपत्रिकेवर किंकीचं नाव 'किंकी' सकट छापलं गेलं. आज्जीला नाही, किंकीला हो. आपल्याकडे एकाच नावाचे तीन-तीन उमेदवार शोधून उभे करतात आणि चिन्हांवरून मारामाऱ्या होतात, पण असली भांडणं आपल्यालाही सुचली नव्हती.

बाहुलाच का, हा प्रश्न मला होता. त्याचं उत्तर टेक्सासात नाही, मिनेसोटात आहे. १९९८ ला तिथे जेसी व्हेंचुरा नावाचा कुस्तीवाला रिफॉर्म पार्टीकडून गव्हर्नर झाला, ३७ टक्के मतं, दोन्ही मोठ्या पक्षांना पाडून. त्याच्या गाजलेल्या जाहिरातीत पोरं जेसीच्या बाहुल्याशी खेळताना दाखवलीत. ती जाहिरात करणारा बिल हिल्समन, आणि त्या निवडणुकीमागचं डोकं डीन बार्कली, हे दोघंही २००६ मध्ये किंकीच्या टीमला होते. म्हणजे माझ्या फळीवरचा हा काळा काउबॉय त्या कुस्तीवाल्या बाहुल्याचा धाकटा भाऊ आहे. हे कळल्यावर चाळीस डॉलर वसूल वाटले, खोटं कशाला बोलू.

पण एकदा चाललेला फॉर्म्युला दुसरीकडे चालेलच असं नाही, आणि याची कारणं अगदी कोरडी आहेत. मिनेसोटात मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन नाव नोंदवता येतं आणि लगेच मत देता येतं, त्यामुळे एरवी मत न देणारी तरुण पोरं शेवटच्या दिवशी उठून आली आणि व्हेंचुराला देऊन गेली. टेक्सासमध्ये तीस दिवस आधी नोंदणी बंद. किंकीचे जोक ऑक्टोबरच्या शेवटी ऐकून पेटलेल्याला घरीच बसावं लागणार. शिवाय टेक्सासमध्ये तेव्हा एक सोय होती, वर एका ठिकाणी खूण केली की गव्हर्नरपासून खालच्या जजपर्यंत सगळी मतं एका पक्षाला. काम झालं, चला घरी. अपक्षाचं नाव त्या रांगेत कुठेच नाही, त्याला शोधून मत द्यायला लागतं. ही पद्धत पुढे २०२० ला जाऊन बंद झाली, याच्या काही उपयोगाची नाही. अपक्ष पडला की त्याच्यात दम नव्हता असं म्हणून मोकळे होतात लोक, पण यंत्राची रचनाच कशी आहे ते कोणी बघत नाही.

तरी सगळा दोष यंत्राला देणार नाही. सप्टेंबरपर्यंत काही सर्व्हेमध्ये गडी दुसऱ्या नंबरच्या आसपास होता. मग दोन गोष्टी झाल्या. कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सहून ह्यूस्टनला आलेल्या लोकांबद्दल, ज्यात बहुसंख्य काळे, तो गर्दुल्ले आणि गुंड अशा भाषेत बोलला. आणि जुनी रेकॉर्डिंग बाहेर आली, १९८० च्या एका कार्यक्रमातली, त्यात काळ्या लोकांसाठी शिवी. हा म्हणाला मी सटायर करतो, मी वंशवादी नाही, कॉलेजात असताना मी या लोकांच्या हक्कांसाठी निदर्शनं केलीत. ते खरंही आहे, विद्यार्थी असताना ऑस्टिनमध्ये वेगळी बसायची जागा ठेवणाऱ्या हॉटेलांविरुद्ध तो उभा राहिला होता. पण स्टेजवरच्या गायकाला जे माफ होतं ते गव्हर्नर व्हायला निघालेल्याला होत नाही, आणि व्हायलाही नको. वादळात घर गेलेल्या माणसावर केलेला जोक कुठल्याच बाजूने वरच्या बड्या माणसावर मारलेला नसतो, तो खालच्या दुबळ्यावरच मारलेला असतो. माझे दोन स्टार इथे गेले, बाहुल्याचे नाही, माणसाचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॅलसला चौघांचा एकच डिबेट झाला, तिथे मिनिटभरात मुद्दा मांडायचा, आणि एका ओळीचे जोक मारणारा माणूस तिथे चमकेल असं वाटतं ना, तर उलट. रस्ते, वीज, बजेट यावर एका ओळीत काय बोलणार.

निकाल ७ नोव्हेंबर २००६. रिक पेरी, रिपब्लिकन, आधीपासून गव्हर्नर, ३९ टक्के. डेमोक्रॅट ख्रिस बेल जवळपास ३० टक्के. आज्जी १८ टक्के. किंकी साडेबारा टक्क्यांच्या आतबाहेर, ५,४७,६७४ मतं. पेरीच्या विरोधात ६१ टक्के लोक आणि तरी पेरीच गव्हर्नर, कारण जास्त मतं ज्याची तो जिंकला, दुसरी फेरी नाही. आपल्याला यात नवल काहीच नाही, आपले कितीतरी आमदार यापेक्षा कमी टक्क्यांवर बसलेत. एक गंमत म्हणून आपला नियम लावून बघितला, एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर अनामत जप्त. एक षष्ठांश म्हणजे १६.६७ टक्के. आज्जी वाचली, किंकीचं डिपॉझिट गेलं.

आणि इथे शेजारच्या काकांचं ते हसू कळतं. सही फुकट असते, स्टिकर दोन-चार डॉलरचा, बाहुला हौसेचा, हे सगळं घेताना कोणालाही आपला पक्ष सोडावा लागत नाही. मत देताना लागतो. काकांनी सही दिली, स्टिकर गाडीला लावला, आणि आत जाऊन, माझा अंदाज, नेहमीच्या जागी खूण करून आले. प्रचाराचं सामान खपलं म्हणजे उमेदवार खपला असं समजणाऱ्या सगळ्या सोशल मीडिया टीमवाल्यांना हा बाहुला गिफ्ट द्यावा असं माझं मत आहे. पण त्याच वेळी हेही सांगतो की साडेपाच लाख माणसं नाव शोधून, पक्षाची रांग सोडून, हा पडणार हे माहीत असताना त्याला मत देऊन आली. एवढी माणसं जोकसाठी रांगेत उभी राहत नाहीत. त्यांना पेरी नको होता, बेल नको होता, आणि कोणीतरी सरळ बोलणारा हवा होता. तो मिळाला की नाही हा वेगळा विषय.

किंकीने नंतरही नाद सोडला नाही. २०१० आणि २०१४ ला राज्याच्या कृषी कमिशनर पदासाठी डेमोक्रॅट पक्षाच्या प्रायमरीत उतरला, दोन्हीदा पडला. २०१४ ला तर गांजा कायदेशीर करा हा मुद्दा घेऊन उभा होता आणि हरला कोणाकडून, तर जवळपास प्रचारच न केलेल्या एका शेतकऱ्याकडून. ना बाहुला, ना स्टिकर. जून २०२४ मध्ये, ७९ व्या वर्षी, मेडिनाजवळच्या एको हिल रँचवर वारला. तिथे त्याच्या आईवडिलांनी १९५३ पासून मुलांचा समर कॅम्प चालवला होता, शेवटी शेवटी तिथे युद्धात आई किंवा बाप गमावलेल्या पोरांसाठी फुकट कॅम्प सुरू केलेला. हे त्याचं काम मला सगळ्या घोषणांपेक्षा भारी वाटतं, पण त्याचा बाहुला कोणी काढला नाही.

आता घ्यायचा की नाही. लहान मुलांसाठी म्हणून घेणार असाल तर अजिबात नको, हॅट आणि बारीक पार्ट सुटतात, आणि ज्यांच्याकडे बोलणारा नग असेल त्यांनी आधी स्वतः ऐकून घ्या, हा माणूस सभ्य भाषेसाठी प्रसिद्ध नव्हता. अमेरिकन राजकारणाचं सामान जमवत असाल तर घ्या, पण चाळीसच्या वर जाऊ नका जर आवाज नसेल तर. सेलरकडून फोटो मागू नका, बटण दाबतानाचा व्हिडिओ मागा, आणि पाठीमागचं सेलचं झाकण उघडून दाखवायला सांगा. बॉक्ससकट मिळाला तर उत्तम, माझ्या बॉक्सचे दोन कोपरे दबलेत आणि समोरचं प्लास्टिक पिवळं पडलंय, पण त्यामुळे आतल्या कपड्यांचा काळा रंग टिकला. उन्हात ठेवू नका, टेक्सासच्या उन्हात तर नाहीच.

सेलरला मी सगळे फोटो आणि खरखरीचा ऑडिओ पाठवला. दोन दिवस गप्प, मग म्हणाला बॉक्स चांगला होता ना. शेवटी दहा डॉलर परत केले. वस्तू परत पाठव म्हणाला असता तर मी पाठवली नसती, पण हे त्याला कळू दिलं नाही.

आणि इथे कोणी संग्राहक असाल तर, स्ट्रेहॉर्नबाईंचा 'वन टफ ग्रँडमा' वाला बिल्ला कोणाकडे असेल तर मेसेज करा. योग्य भाव देईन, किंवा बदल्यात महाराष्ट्रातले जुने पत्र्याचे बिल्ले, माझ्याकडे कमळ आणि घड्याळ डबल आहेत.